हात वाकडा की कॅमेरा वाकडा?



आजचा विषय आहे स्लो मोशन. लग्नात अक्षता पडताना सुंदर दिसावं म्हणून करतात ती नव्हे. खेळाडूची हालचाल तपासण्यासाठी मैदानावर करतात ती. निवृत्तीनंतर मी रोज सकाळी मुलांच्या क्रिकेटचं शूटिंग करतो, आणि तिथे एक प्रकार वारंवार बघतो. चौदा-पंधरा वर्षांच्या एखाद्या मुलाची बोलिंग कुणीतरी मोबाईलवर घेतं, ती हळू करून बघतं आणि जाहीर करतं, "हा बट्टा टाकतोय." संध्याकाळपर्यंत क्लिप सगळ्या ग्रुपवर फिरते. मुलगा दुसऱ्या दिवशी नेटमध्ये येत नाही. तेव्हा अशा क्लिपवर विश्वास कधी ठेवायचा, हे आज समजून घेऊ.

आधी नियम बघू. हात वाकलेला असणं हा गुन्हा नाही. हात खांद्याच्या रेषेत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर किती सरळ होतं, ते मोजायचं असतं. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २००५ पासून त्याला १५ अंशांची मर्यादा आहे. तो कोन प्रयोगशाळेत, शरीरावर खुणा लावून, अनेक वेगवान कॅमेऱ्यांनी मोजतात. मुथय्या मुरलीधरनचं कोपर जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नव्हतं. नुसत्या डोळ्यांनी त्याच्याबद्दल मतं मांडणारे खूप होते, निकाल मात्र मोजमापाने लागला.

आता कॅमेरा. साधा व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा धरा. मुलाच्या चेंडूचा वेग ताशी ९० किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. म्हणजे एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत चेंडू एक मीटर पुढे गेला. चेंडू सोडणाऱ्या हाताचा वेगही जवळपास तेवढाच असतो. त्या एका मीटरमध्ये कोपराचं काय झालं, ते कॅमेऱ्याने पाहिलेलंच नाही.

असा व्हिडिओ एडिटिंगमध्ये चारपट हळू केला, तर मधल्या फ्रेम येणार कुठून? सॉफ्टवेअर एक तर तीच फ्रेम चारदा दाखवतं, किंवा दोन फ्रेम एकमेकींत मिसळतं, आणि मग एका खांद्याला दोन हात दिसतात. नाहीतर ते मधली फ्रेम अंदाजाने तयार करतं. हा तिसरा प्रकार सगळ्यांत धोक्याचा, कारण तो दिसतो गुळगुळीत आणि खरा. प्रत्यक्षात ते कोपर सॉफ्टवेअरने काढलेलं चित्र असतं.

म्हणून पहिला नियम: वेळ शूटिंग करतानाच साठवावा लागतो. सेकंदाला १०० फ्रेम घ्या आणि २५च्या वेगाने दाखवा. चारपट हळू, आणि प्रत्येक फ्रेम अस्सल. त्याहून हळू बघायचं असेल, तर एकेक फ्रेम थांबवून बघा. सॉफ्टवेअरला मधलं काही भरायला सांगू नका. एवढ्या वेगात बरेच कॅमेरे चित्राचा दर्जा कमी करतात, काही आवाज घेत नाहीत, काहींचा ऑटोफोकस काम करत नाही. म्हणून फोकस आधीच क्रीजवर लावून ठेवा.

दुसरी गोष्ट शटरची. सिनेमासारखा ओघ हवा असेल, तर शटर फ्रेमच्या दुप्पट ठेवतात. १०० फ्रेमला १/२०० सेकंद. पण तेवढ्या वेळात आपल्या गोलंदाजाचा हात साडेबारा सेंटिमीटर सरकतो आणि फ्रेममध्ये पुसट पट्टा उमटतो. तपासणीसाठी शटर १/१००० ठेवा, पट्टा अडीच सेंटिमीटरवर येईल. याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. नेहमीच्या १/५० शटरच्या तुलनेत १/१००० ला विसावा हिस्साच प्रकाश मिळतो. त्यामुळे शूटिंग उन्हातच करा, सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे ठेवा. इनडोअर नेटमध्ये आणखी एक अडचण येते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साध्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. १२० फ्रेमवर घेतलेलं चित्र तिथे लुकलुकतं. मेनूत पाल निवडून १०० फ्रेमवर आलात, तर ते बरंच कमी होतं. पण वेगवान शटरला चित्रात काळे पट्टे तरीही येऊ शकतात.

तिसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. मोबाईलचा आणि बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात वाचत नाही. तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीने वाचत जातो. धावत्या रेल्वेतून घेतलेले विजेचे खांब तिरके दिसतात, ते यामुळेच. गोल फिरणारा सरळ हातही याच कारणाने वाकलेला दिसू शकतो. शटर कितीही वेगवान केलं तरी हा दोष जात नाही. स्वतः तपासून बघा. एक स्टंप हातात घ्या, हात गोलंदाजासारखा जोरात फिरवा, आणि त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर शूट करा. लाकडी स्टंप वाकलेला दिसला, तर त्या कॅमेऱ्यावरून मुलाच्या कोपराबद्दल बोलू नका.

आणि समजा, हे सगळं नीट जमलं, तरी एक कॅमेरा एकाच बाजूने बघतो. वाकलेला हात खांद्यातून फिरला, की त्या बाजूने तो सरळ होत असल्याचा भास होतो. म्हणून ट्रायपॉडवर दोन कॅमेरे ठेवा, एक बाजूला आणि एक पाठीमागे. तरीसुद्धा अंशाचा आकडा सांगू नका.

मग आपल्या क्लिपचा उपयोग काय? भरपूर आहे. पुढचा पाय क्रीजच्या कुठे पडला, चेंडू सोडताना डोकं कुठल्या बाजूला कललं, मनगट चेंडूच्या मागे होतं की बाजूला, हे १०० फ्रेममध्ये स्वच्छ दिसतं आणि सरावाने सुधारता येतं. हात संशयास्पद वाटला, तर ती क्लिप पुढच्या तपासणीचं कारण ठरू शकते, तपासणीचा निकाल नव्हे.

फौजेत रिपोर्ट लिहिताना काय दिसलं आणि काय वाटलं, हे वेगवेगळं लिहायला शिकवतात. मैदानावरही तेच करा. क्लिप आधी त्या मुलाला आणि त्याच्या कोचला दाखवा. ग्रुपवर टाकू नका. तुम्ही कोणत्या फ्रेम रेटवर, कोणत्या शटरवर, कुठल्या बाजूने शूट केलं, हेही सोबत सांगा. ते सांगता येत नसेल, तर त्या क्लिपवरून कुणाच्या बोलिंगचा न्याय करू नका.

जय हिंद.