वाढता उन्हाळा आणि आपला कामगार

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा मेळाव्यात शिक्षकाने मुलांच्या अभ्यासाविषयी बोलावे अशी आपली अपेक्षा असते. मी आज उन्हाविषयी बोलणार आहे. मी हवामानशास्त्रज्ञ नाही, डॉक्टरही नाही. भूगोल शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. परंतु गेल्या उन्हाळ्यात माझ्या नववीच्या वर्गातील एक मुलगा वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या दोन पेपरांना आला नाही, आणि त्याचे कारण शोधता शोधता मी या विषयापर्यंत येऊन पोहोचलो.

त्याचे वडील एका लहान कारखान्यात भट्टीवर काम करतात. लोखंडाचे सुटे भाग लालभडक तापवायचे आणि तेलात बुडवायचे, हे त्यांचे काम. एप्रिलमधील एका दुपारी ते भट्टीपाशीच कोसळले. बरोबरच्यांना वाटले, पित्ताने चक्कर आली असेल. त्यांना त्याच पत्र्याच्या शेडमध्ये एका बाजूला निजवले आणि शुद्ध नसताना तोंडात पाणी ओतले. एका शेजाऱ्याने रिक्षात घालून रुग्णालयात नेले म्हणून ते वाचले. पण त्यांच्या नावाने विम्याची वर्गणीच भरलेली नव्हती. तीन आठवडे घरात पगार नाही. मुलगा चाकणच्या बाजूला एका गोदामात माल उतरवायला जाऊ लागला. मी घरी गेलो तेव्हा त्याची आई एवढेच म्हणाली, "सर, उन्हाची तक्रार कुणाकडं करायची?"

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. आज द्यावे असा माझा प्रयत्न आहे.

पुणे परिसराची हवा थंड आणि उन्हाळा तो नागपूर-चंद्रपूरचा, अशी आपली जुनी समजूत आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरच्या या भागात ती बरीचशी खरीही होती. तरी कडक ऊन येथे अगदीच नवे नाही. पुण्यात ३० एप्रिल १८९७ रोजी ४३.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते आणि एप्रिल २०१९ च्या अखेरीस पारा पुन्हा ४३ अंशांपर्यंत चढला.

मग नवे काय आहे? नवी आहे ती आपली वस्ती. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथे कारखान्यांची रांग लागली. १९७० साली नगरपालिका आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली. पुढे चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने आले. या उद्योगांनी आपल्याला भाकरी दिली, हे मी कृतज्ञतेने सांगतो. परंतु शेते आणि चिंचेची झाडे गेली. डांबर, काँक्रीट आणि पत्रा आला. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री उष्णता सोडत राहते. त्यामुळे दिवसा शिणलेल्या शरीराला रात्रीही विसावा मिळत नाही. त्यातच साऱ्या पृथ्वीचे तापमान वाढत आहे. २०२४ हे वर्ष उद्योगयुगापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले, असे जागतिक हवामान संघटनेने जाहीर केले.

उष्ण कटिबंधातील देशांना याचा फटका अधिक बसतो, कारण ते मुळातच सहनशक्तीच्या काठावर उभे आहेत. आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. बाहेरची हवा त्याहून तापली की शरीराकडे एकच मोठा उपाय उरतो, तो म्हणजे घाम. घाम वाळताना शरीर निवते. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही. पाणी प्यायलेले नसेल तर घामच येत नाही. जड काम करणाऱ्या माणसाच्या शरीरात आतूनही उष्णता निर्माण होत असते. आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंड, हृदय यांना इजा होऊ लागते. यालाच आपण उष्माघात म्हणतो. युरोपातील कामगाराला असा दिवस क्वचित दिसतो. आपल्याकडे मार्च ते जून हे दिवस येतच राहतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली वर्तवलेल्या अंदाजाप्रमाणे २०३० पर्यंत भारतात कामाचे ५.८ टक्के तास उष्णतेमुळे वाया जातील. म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके काम.

आता एक गोष्ट मी भूगोलाचा शिक्षक म्हणून आग्रहाने सांगतो. वर्तमानपत्रात छापून येणारे तापमान हे सावलीतले तापमान असते. पुण्याच्या शिवाजीनगरात 'सिमला ऑफिस' नावाचा थांबा आहे. हवामान खात्याचे कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, त्यावरून हे नाव पडले. अशा वेधशाळेत तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, मोकळ्या हवेत ठेवलेला असतो. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण आपला कामगार त्या पेटीत राहत नाही. तो पत्र्याखाली, भट्टीसमोर, नाहीतर उघड्या ट्रकवर असतो. पेपरात ३९ अंश छापले असताना भट्टीपाशी किती होते, हे कोणी मोजलेलेच नसते.

याचे दुःखद उदाहरण आपल्याच राज्यात घडले. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर भर दुपारी एक मोठा समारंभ झाला. जवळच्या केंद्रावर त्या दिवशी सुमारे ३८ अंश तापमान होते. आकडा फार भयंकर वाटत नाही. परंतु किनाऱ्याची दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही आणि तासन्‌तास उन्हात बसणे, यांमुळे १४ माणसे उष्माघाताने दगावली. पारा किती, एवढाच प्रश्न नसतो. माणूस कोठे आहे, किती वेळ आहे आणि त्याला पाणी व सावली मिळते का, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

आपल्या मनाला जवळची आणखी दोन उदाहरणे पाहा. जून २०१५ मध्ये, रमजानच्या दिवसांत, कराची शहरात उष्णतेच्या लाटेने १,२०० हून अधिक लोक मरण पावले. वीज जात होती, पाणी मिळत नव्हते, आणि मृतांत गरिबांचा व उघड्यावर राबणाऱ्यांचा भरणा मोठा होता. जून २०२४ मध्ये हजच्या वेळी मक्केत पारा ५१ अंशांपलीकडे गेला आणि १,३०१ जण मरण पावल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांपैकी बहुतेकांकडे अधिकृत परवाना नव्हता. त्यामुळे त्यांना थंड तंबूंची सोय नव्हती आणि ते उन्हात मैलोन्‌मैल चालले. ऊन सर्वांवर सारखेच पडत होते. सावली मात्र सर्वांना सारखी मिळाली नाही.

तेव्हा त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर येथून सुरू होते. उन्हाची तक्रार करता येत नाही. सावलीची, पाण्याची आणि कामाच्या वेळेची करता येते.

वेळ बदलता येते, याचा पुरावा आपल्या शाळेतच आहे. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने उन्हामुळे शाळा सकाळच्या सत्रात भरवण्याचा आदेश काढला, आणि मुले दुपारच्या आत घरी जाऊ लागली. चांगली गोष्ट झाली. परंतु त्या मुलांचे वडील त्याच वेळी डबा घेऊन दुसऱ्या पाळीला निघालेले असत. मुलाला जे ऊन सोसवणार नाही असे आपण ठरवले, ते बापाला सोसवेल असे आपण कशावरून धरले?

कायद्याने हे पूर्वीच ओळखले होते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १३ व्या कलमात हवा खेळती ठेवणे आणि भिंती व छप्पर असे असणे की आतले तापमान शक्य तितके कमी राहील, ही मालकाची जबाबदारी सांगितली होती. १८ व्या कलमात, २५० हून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पिण्याचे पाणी देण्याची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून आता या बाबी त्यांच्या कक्षेत येतात. मात्र या संहितेत विजेवर चालणारा कारखाना म्हणजे २० किंवा अधिक कामगारांचा. भोसरी, चिखली, तळवड्याच्या गल्ल्यांतील सात-आठ माणसांची वर्कशॉपे त्या व्याख्येबाहेर राहतात. तेथे कायद्याचा हात पोहोचेपर्यंत माणुसकीचा हात पोहोचला पाहिजे. अशा वर्कशॉपांचे मालक या सभागृहातही बसलेले आहेत, आणि त्यांतील काही स्वतः त्याच पत्र्याखाली राबतात, हेही मला ठाऊक आहे.

आपला धर्मही याबाबत गप्प नाही. कडक उन्हाळ्यात जोहरची नमाज थोडी थांबून, हवा निवल्यावर अदा करण्याची सवलत हदीसमध्ये आहे. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. खुद्द इबादतीची वेळ जर उन्हाचा विचार करून सैल होते, तर लोखंड तापवण्याची वेळ का बदलू नये? तहानलेल्याला पाणी पाजणे हे मोठे पुण्यकर्म मानले आहे. मोहरममध्ये आपण सबील लावतो. आपले हिंदू बांधव चैत्रात पाणपोई घालतात. ही सबील वर्षातून काही दिवस रस्त्यावर असावी आणि आपल्याच शेडमध्ये मात्र माठ नसावा, हे शोभत नाही.

हे उपाय परिणामकारक ठरतात, हे अहमदाबादने दाखवून दिले. मे २०१० मधील लाटेत तेथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ साली तेथील महानगरपालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला: आगाऊ इशारा, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय आणि लोकांना माहिती. त्यामुळे पुढील काळात वर्षाला अकराशेहून अधिक मृत्यू टळले, असा संशोधकांचा अंदाज आहे. यांत फार मोठा खर्चही नव्हता.

म्हणून वाचकहो, आपल्यापुरत्या सहा गोष्टी सांगतो.

पहिली, प्रत्येक शेडमध्ये आणि प्रत्येक वर्गात एक तापमापक टांगा आणि रोज दुपारी नोंद करा. मोजल्याशिवाय कोणी मान्य करीत नाही. दुसरी, भट्टीचे व उन्हातले जड काम पहाटे किंवा संध्याकाळनंतर ठेवा. दुपारी १२ ते ४ हलके काम द्या आणि तासातासाला थोडा विसावा द्या. तिसरी, पाणी तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी प्यावे. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या शहरात एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला, तेव्हापासून पाणी साठवण्याची सवय आपल्याला आहे. त्यातला एक पिंप कामगारांसाठी राखून ठेवा. चौथी, पत्र्याला उन्हाळ्याआधी बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्या. पांढरे छप्पर ऊन परतवते. पाचवी, नवा माणूस किंवा ईदची सुट्टी गावी काढून आलेला माणूस पहिल्याच दिवशी भट्टीवर उभा करू नका. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. सहावी, कामगाराचा विमा भरा, आणि पालकहो, तो भरला जातो की नाही, हे विचारायला संकोच करू नका.

आणि कोणी कोसळलाच, तर पित्त म्हणून सोडून देऊ नका. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत व मानेवर थंड ओल्या पट्ट्या ठेवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. ते श्वासनलिकेत जाते. शुद्धीवर असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजा. आमच्या आठवी-नववीच्या मुलांना आम्ही हे प्रात्यक्षिकासह शिकवतो. आज घरी गेल्यावर त्यांना विचारा, ती तुम्हाला करून दाखवतील.

त्या मुलाची राहिलेली परीक्षा आम्ही जूनमध्ये घेतली. तो आता दहावीत आहे. त्याचे वडील पुन्हा कामावर जातात. दुसरी वाट त्यांच्यापुढे नाही. येणाऱ्या चैत्र-वैशाखात त्यांच्या शेडमध्ये एक माठ, एक पंखा आणि दुपारचा तासभर विसावा असेल की नाही, हे हवामान खाते ठरवणार नाही. ते आपण, येथे बसलेले आणि हे वाचणारे, ठरवणार आहोत.