मूत्रपिंडांचें रक्षण

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, बरगड्यांच्या आश्रयानें राहणारीं मूत्रपिंडें हीं शरीरांतील सर्वांत अबोल इंद्रियें होत. दांत ठणकतो, पोट कुरकुरतें. परंतु मूत्रपिंडांची निम्मी शक्ति गेली तरी मनुष्यास पुष्कळदां त्याची वार्ताहि नसते. एकेका पिंडांत सुमारें १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. त्या अहोरात्रांत सुमारें १८० लिटर द्रव गाळून त्यांतील दीड-दोन लिटर तेवढा बाहेर टाकतात. मेलेली गाळणी पुनः उगवत नाहीं. तिचा भार उरलेल्या उचलतात, आणि त्या भारानेंच पुढें झिजतात.

लंडनच्या गाय इस्पितळांतील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनीं १८२७ सालीं अंगावरील सूज, मूत्रांतील आल्ब्युमिन आणि बिघडलेलीं मूत्रपिंडें यांचा संबंध दाखविला. चमच्यांत मूत्र घेऊन ज्योतीवर धरावें, आणि तें साकळतें कीं काय तें पाहावें, एवढीच ती परीक्षा! आजहि आल्ब्युमिनच शोधतात, मात्र अति सूक्ष्म प्रमाणांत. मधुमेह व रक्तदाब हे या रोगाचे दोन मोठे कारक. तेव्हां ते ज्यांस आहेत त्यांनीं वर्षांतून एकदां तरी मूत्र व रक्त दोन्ही तपासून घ्यावीं. नुसत्या क्रिॲटिनिनच्या आंकड्यावर विसंबणें धोक्याचें. बरीच हानि होईपर्यंत तो निर्दोष दिसूं शकतो.

औषधांची कथा मोठी विलक्षण आहे. ब्राझीलमधील जराराका सर्पाच्या विषावरील संशोधनाच्या धाग्यावरून ‘कॅप्टोप्रिल’ निघालें. गाळणींतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करून तें आंतील दाब उतरवितें. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ४०९ मधुमेही रोग्यांवरील प्रयोगांत मृत्यु, डायलिसिस व पिंडारोपण यांचा एकत्रित धोका त्यानें निम्म्यावर आणला. दुसरी कथा सफरचंदाच्या झाडाची. त्याच्या सालींत १८३५ सालीं फ्लोरिझिन सांपडलें. डापाग्लिफ्लोझिन हें त्याच्याच वंशांतलें. २०२० सालच्या प्रयोगांत मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडरोग्यांसहि तें उपकारक ठरलें. या औषधांनीं प्रारंभीं क्रिॲटिनिन किंचित् वाढतें. तें पाहून कित्येक जण घाबरतात आणि वैद्यास न विचारतां गोळी सोडून देतात. रक्षकासच चोर समजून हांकलून देण्याचा हा प्रकार होय! मात्र जुलाब-वांत्यांच्या दिवसांत गोळी थांबवावी काय, हें वैद्यास अवश्य विचारावें. गरोदरपणीं तर या गोळ्या वर्ज्यच.

घरोघर डब्यांत पडलेल्या वेदनाशामक गोळ्यांविषयीं मात्र कोणासच भीति वाटत नाहीं. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचें शव खाऊन गिधाडें मूत्रपिंडें निकामी होऊन मेलीं, म्हणून भारतांत २००६ सालीं जनावरांसाठीं त्यावर बंदी आली. मनुष्य गिधाडाइतका नाजूक नाहीं हें खरें. तरी दुर्बळ मूत्रपिंडाच्या वृद्धानें गुडघ्यांसाठीं रोज अशी गोळी घेणें हें साहसच.

मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें दिवसास ५ ग्रॅमांहून कमी, म्हणजे चहाच्या चमचाभराच्या आंत, सांगितली आहे. पापड, लोणचें, फरसाण यांतील मीठहि त्यांतच मोजावयाचें. सैंधव म्हणजे मीठ नव्हे, ही समजूत चुकीची. ‘कमी सोडियम’चें मीठ तर रोग्यानें विचारल्यावांचून घेऊंच नये, त्यांतील पोटॅशियम दुर्बळ मूत्रपिंडांस बाहेर टाकतां येत नाहीं आणि तें हृदयावर उलटतें. तंबाखू सुटली पाहिजे, हें निराळें सांगावयास नको. आणि घागरभर पाणी प्याल्यानें मूत्रपिंडें धुऊन निघतात, असेंहि नाहीं. ज्याच्या पायांवर सूज आली आहे, त्यानें पाणी वैद्याच्या मापानेंच प्यावें.