घरातील वर्दळीच्या जागा आणि कुटुंबाचे आरोग्य

(महिला मंडळाच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



घर स्वच्छ आहे की नाही, याचा निर्णय पाहुणा दर्शनी खोलीवरून करतो. कुटुंबाचे आरोग्य मात्र पाहुण्याची नजर सहसा पोहोचत नाही अशा जागी ठरत असते. स्वयंपाकाचा ओटा किंवा चूल, पिण्याच्या पाण्याची जागा, मोरी आणि उंबरठा या त्या चार जागा होत. घरातील लहानथोर प्रत्येकाचा वावर दिवसातून अनेकदा येथे होतो. जेथे वर्दळ अधिक, तेथे ओल, खरकटे आणि माती ही अधिक. आणि ही तिन्ही जेथे एकत्र येतात, तेथे रोगजंतू, माश्या व झुरळे यांची आयतीच सोय होते. त्याची पहिली झळ घरातील लहान मुलांना बसते. पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत अतिसाराची गणना आजही होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या विषयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

ओटा व चूल

स्वयंपाकघरात सर्वांत अस्वच्छ वस्तू बहुधा स्वच्छतेसाठी ठेवलेलीच असते. ओटा पुसण्याचे फडके आणि भांडी घासण्याची घासणी दिवसभर ओली राहते व तिच्यात जंतूंची वाढ होते. अशा फडक्याने ओटा पुसणे म्हणजे घाण सर्वत्र सारखी पसरविणे होय. फडके रोज साबणाने धुऊन उन्हात वाळवावे आणि पुसण्यासाठी दोन फडक्यांची अदलाबदल ठेवावी. ऊन फुकट मिळते व त्याच्यासारखा दुसरा मदतनीस नाही.

मासळी किंवा मटण चिरलेल्या विळीवर तशीच कोशिंबिरीची काकडी चिरू नये. विळी व पाट साबणाने धुऊन मगच वापरावी. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक वेळ तसेच बाहेर ठेवू नये. ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपल्याकडील उन्हाळा नेमका याच पट्ट्यात मोडतो. उरलेले अन्न पुन्हा वाढण्यापूर्वी वाफ येईपर्यंत गरम करावे.

पिण्याच्या पाण्याची जागा

नळाचे अथवा विहिरीचे पाणी शुद्ध करून आणले, तरी घरात आल्यावर ते दूषित होऊ शकते. माठात बुडविलेला पेला आणि त्याबरोबर बुडालेली बोटे हे त्याचे नेहमीचे कारण. लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटी असलेला माठ एवढ्याने हा धोका पुष्कळसा टळतो. माठ उंचावर, झाकून आणि मुलांचा हात आत जाणार नाही असा ठेवावा.

वापरण्याच्या पाण्याचे पिंप, हौद व कूलर यांकडेही लक्ष हवे. डेंग्यू पसरविणारा एडिस डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगितले जाते. त्या दिवशी पाणी नुसते ओतून देणे पुरेसे नाही. या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात व कोरड्या स्थितीतही कित्येक महिने तग धरतात. यास्तव पिंप आतून घासणे आवश्यक असते.

मोरी व तिचे पाणी

मोरीत हात, पाय, भांडी व कपडे सारेच धुतले जाते. तेथील शेवाळ व चिकटपणा आधी साबण आणि ब्रशने काढावा, मग ब्लीचिंग पावडरीचे पाणी वापरावे. घाणीच्या थरावर टाकलेल्या औषधाचा प्रभाव उरत नाही. एक गोष्ट मात्र प्रत्येकाने पक्की लक्षात ठेवावी. ब्लीचिंग पावडर आणि फरशी साफ करण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो व बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

मोरीचे पाणी बोळात सोडले, तर आपल्या घरची घाण शेजाऱ्याच्या दारी डबके बनून साचते. परसात केळी, अळू किंवा भाजीचा वाफा असल्यास ते पाणी तेथे न्यावे. जागा थोडी असल्यास दगडविटांचे तुकडे भरलेला शोषखड्डा करावा. मात्र तो विहिरीपासून पुरेसा दूर असावा.

उंबरठा आणि हात

पादत्राणे बाहेर काढून, पाय धुऊन घरात येण्याची जुनी रीत शास्त्रशुद्धच आहे. मातीबरोबर येणारी जंतांची अंडी रांगत्या मुलाच्या हातून तोंडात जातात. पायांइतकीच काळजी हातांची हवी. शौचानंतर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकापूर्वी, जेवणापूर्वी आणि मुलाला भरविण्यापूर्वी साबणाने किमान २० सेकंद हात धुवावेत. नुसत्या पाण्याने हात ओले होतात, स्वच्छ होत नाहीत. साबणाची वडी मोरीत व शौचालयापाशी हाताशीच असली, तर ही सवय लवकर जडते.

हे काम कोणाचे?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. या चारही जागी वर्दळ सर्वांची असते. सफाई मात्र बहुतेक घरांत एकटीची असते. ज्या गृहिणीला दुरून पाणी आणावे लागते, तिच्यावर वर आणखी घासण्या-पुसण्याचा भार टाकून स्वच्छतेचे धडे देणे न्यायाचे नाही. आपले ताट प्रत्येकाने उचलावे, कोरड्या दिवशी पिंप पुरुषांनी घासावे, उंबरठ्याची झाडलोट मुलांनी करावी, अशी वाटणी झाली तर कोणाच्याही वाट्याला फार काम येत नाही.

संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडले आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडली. त्यांच्या नावाने महाराष्ट्रात २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले व अनेक गावांचे रूप पालटले. गावाच्या रस्त्यावर खराटा धरण्यात पुरुषाला कमीपणा वाटत नसेल, तर घरच्या मोरीत तो का वाटावा? याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने या आठवड्याच्या कोरड्या दिवशी कृतीने द्यावे.