गणकयंत्राच्या हिशेबाची पारख

मे महिन्याच्या पहांटे गडचिरोली जिल्ह्यांतील अरण्यांत बायामाणसें शिरतात आणि दुपारपावेतों तेंदूचीं पानें तोडून आणितात. सत्तर पानांचें एक पुडकें. संध्याकाळीं तीं पुडकीं फळीवर मोजून दिलीं, कीं मजुरीचा आंकडा वहींत चढतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर येथील अनेक ग्रामसभा हा व्यवहार स्वतःच पाहूं लागल्या. समजा, अशा एका ग्रामसभेनें हा हिशेब गणकयंत्रावर सोंपविला. यंत्र बहुधा चुकत नाहीं. परंतु त्याला दिलेली आज्ञावली माणसाच्या हातची असते. तिची पारख करावी कशी?

सामान्य रीत अशी, कीं रचणारानेंच पांचदहा उदाहरणें घालून उत्तरें ताडून पाहावींत. पण जी शंका रचतांना मनांत आली नाहीं, ती तपासतांना तरी कोठून येणार? स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठांतील कून क्लासेन व जॉन ह्यूज यांनीं २००० सालीं यावर ‘क्विकचेक’ नांवाचें साधन पुढें मांडलें. तें हास्केल या भाषेकरितां होतें. या भाषेंतील आज्ञावली गणिती सूत्रासारखी असते; तेंच घातलें असतां तेंच निघावयाचें. म्हणून तिचा प्रत्येक भाग सुटा काढून तपासतां येतो. क्विकचेकला उदाहरणें द्यावयाचीं नसतात, नियम द्यावयाचा असतो. नोंदी कोणत्याहि क्रमानें घातल्या तरी बेरीज तीच यावी, हा असा एक नियम. मग साधन आपण होऊन, सोडतीप्रमाणें, शंभर उदाहरणें काढतें आणि नियम कोठें मोडतो कीं काय तें पाहतें.

खरी मेख पुढेंच आहे. एकाच नांवाच्या दोन बायांचीं खातीं चुकून एक झालीं, तरी बेरीज बरोबरच येईल. एकीची मजुरी मात्र दुसरीच्या पदरांत पडेल! म्हणून दुसरा नियम हवा: जितकीं खातीं आंत गेलीं तितकींच बाहेर यावींत. तेवढ्यानेंहि भागत नाहीं. साधनानें अक्षरें हवीं तशीं जुळवून नांवें बनविलीं, तर दोन नांवें सारखीं क्वचितच निघतील आणि ‘शंभरहि उत्तीर्ण’ हा शेरा फसवा ठरेल. खेड्यांत तर आत्राम, मडावी हीं आडनांवें घरोघर. याकरितां उदाहरणें कोणत्या सांच्यांतून काढावींत हें ठरविण्याची, व कोणता प्रकार किती वेळां आला हें मोजण्याची सोय या साधनांत आहे. चारपांच नांवांतूनच निवड करावयास सांगितलें, कीं चूक लागलीच उघडी पडते.

पुढील सुधारणा संक्षेपाची. चूक चाळीस नोंदींच्या उदाहरणांत सांपडली, तर साधन एकेक नोंद गाळतें, आंकडे लहान करतें आणि नियम अजून मोडतो काय तें पाहतें. अखेर दोनच नोंदी उरतात, दोहोंवर नांव एक. दोष निराळा सांगावा लागत नाहीं. हेजहॉग या नंतरच्या साधनानें हा संक्षेप उदाहरणें काढण्याच्या क्रियेंतच गोंवला. त्यामुळें लहान झालेलें उदाहरणहि ठरविलेल्या सांच्याबाहेर जात नाहीं.

तथापि शंभर उदाहरणें उतरलीं म्हणजे सिद्धता झाली असें नव्हे. आणि नियम कोणता असावा, हें तर कोणतेंच साधन सांगत नाहीं. तें फळीवर पुडकीं मोजून देणाऱ्या बाईस ठाऊक असतें. आज्ञावली रचणारानें प्रथम तिलाच विचारलें पाहिजे.