सकाळी अंग आखडतं, ते फक्त वयामुळे नाही



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. निदान डॉक्टरच करतील. पण त्यांच्यासमोर कोणती माहिती ठेवायची, हे आपल्या हातात आहे.

पुसद असो, दिग्रस असो की दारव्हा, घरोघरी एक वाक्य ऐकू येतं : ‘वय झालं, दुखणारच.’ या वाक्याखाली एक आजार दडून राहतो. त्याचं नाव पॉलिमायल्जिया रुमॅटिका. तो पन्नाशीनंतर, बहुतेकदा सत्तरीच्या आसपास होतो. पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट होतो. आणि आपल्याकडे दवाखान्यात सगळ्यात शेवटी कोण जातं? दादी, नानी, अम्मी.

त्याची खूण अशी. दोन्ही खांदे, मान, कंबर आणि मांड्या एकदम दुखू लागतात. त्रास वर्षानुवर्षे हळूहळू वाढत नाही, काही दिवसांत किंवा आठवड्यांत सुरू होतो. फजरला उठताना कूस बदलता येत नाही, वुजू करताना हात डोक्यापर्यंत जात नाही, सजद्यातून उठायला आधार लागतो. दुपारी तेच माणूस बऱ्यापैकी हिंडतं. गुडघे झिजले असतील तर सकाळचं आखडणं साधारण अर्ध्या तासात सुटतं. इथे ते पाऊण तासाहून जास्त टिकतं.

यासाठी एकच अशी खात्रीची तपासणी नाही. रक्तातले ईएसआर आणि सीआरपी वाढलेले दिसतात, पण ते इतर आजारांतही वाढतात. म्हणून डॉक्टर एकेक शक्यता वगळत जातात : आमवात, थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता, संसर्ग, कर्करोग, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या. २००६च्या साथीनंतर आपल्याला ओळखीचा झालेला चिकुनगुन्याही सांधे आखडवतो, म्हणून आधी ताप आला होता का, हे सांगा.

यावरचं औषध म्हणजे कमी मात्रेतलं स्टेरॉइड. बहुतेकांना काही दिवसांतच आराम पडतो. पण बिननावाच्या ‘वाताच्या पुडी’तही स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. तिने कुठलंही दुखणं दबतं, रक्ताचे आकडे खाली येतात आणि खरा आजार लपतो. वर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. पुडी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. ती अचानक बंद करणंही धोक्याचं असतं.

एक धोक्याची घंटा लक्षात ठेवा. नव्याने डोकं दुखू लागलं, टाळूला हात लावला की दुखतं, चावताना जबडा भरून येतो किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. या आजारासोबत डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊ शकते आणि दृष्टी कायमची जाऊ शकते.

या आठवड्यात घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. चार प्रश्न विचारा : कधीपासून? दोन्ही बाजूंना? सकाळी किती वेळ? कोणती औषधं चालू आहेत? उत्तरं कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन त्यांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या फिजिशियनकडे न्या. घाईच्या ओपीडीत हा कागद डॉक्टरांचं अर्धं काम सोपं करेल.