आपल्या गळ्याचा सूर, आपल्या हाताची तार



धान कापणीला आलंय. दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरेल. दिवसा दंडार, रात्री नाटक. भजनमंडळांच्या तालमीही सुरू होतील. या कार्यक्रमात शेळ्यांबद्दल, शिलाई मशीनबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलंत. आज आम्ही आमच्या गटाच्या एका वेगळ्याच मालमत्तेविषयी सांगणार आहोत. ती म्हणजे विजेवर वाजणारी, चार तारांची बेस गिटार.

आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या सात जणी. राष्ट्रसंतांची भजनं म्हणतो, 14 एप्रिलला भीमगीतं म्हणतो. खंजिरी आमची होती, टाळ आमचे होते, पण पेटी आणि पेटीवाले बाहेरचे. आता पुरुषांचा गळा साधारण काळी एक, काळी दोनमध्ये रमतो. बायकांचा बहुधा काळी चार, काळी पाचमध्ये. पेटीवाल्यांचा हात काळी एकवर बसलेला, म्हणून आम्हीही काळी एकमध्येच गायचो. मुखडा घशात अडकायचा आणि अंतऱ्याला किंचाळावं लागायचं. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकूंनी तर गाणंच सोडलं. म्हणाल्या, "माझा आवाज गेला गं." आवाज गेला नव्हता. सूर दुसऱ्याचा होता.

नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रातून बाहेर पडलेल्या वादकाकडे जुनी बेस गिटार विकायला होती. छोट्या स्पीकरसकट 9 हजार रुपये. घरोघरी प्रश्न आला, "बचतीचे पैसे तारांत घालता का?" आम्ही बचतीला हात लावला नाही. कार्यक्रमांची बिदागी वर्षभर वेगळी ठेवली, बैठकीत ठराव केला आणि गिटार गटाच्या नोंदवहीत चढवली. तिच्या कपाटाची किल्ली आमच्याकडेच असते. हे सांगायला छोटं वाटतं, पण तालीम कधी करायची ते आता आम्ही ठरवतो.

हे वाद्य आलं कुठून? अमेरिकेत लिओ फेंडर नावाचे गृहस्थ होते. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी खर्जासाठी माणसाएवढं उंच, उभं वाद्य वाजवावं लागायचं. फेंडरनी 1951 साली गळ्यात अडकवता येईल अशी, सतारीसारखे पडदे असलेली विजेची बेस गिटार बाजारात आणली. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो. तारा पोलादाच्या असतात. त्यांच्याखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते, तिला पिकअप म्हणतात. तार थरथरली की गुंडाळीत अगदी थोडी वीज तयार होते आणि स्पीकर तिचा आवाज करतो. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते. तो सूर कानाआधी छातीत जाणवतो.

ही पुरुषांची वस्तू, असं कुणी म्हटलं तर दोन नावं सांगा. अमेरिकेच्या कॅरोल के आधी साधी गिटार वाजवायच्या. 1963 मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही, म्हणून त्यांनी बेस हातात घेतली आणि पुढे हजारो गाण्यांत वाजवली. आणि आपल्या मुंबईची मोहिनी डे. वडिलांकडून शिकली आणि ए. आर. रहमान यांच्याबरोबरही तिने वाजवलंय.

आता खरी गंमत सांगतो. पेटीवर सूर बदलला की बोटांची ठेवण बदलते. बेसवर ठेवण तीच राहते, फक्त हात दांडीवर सरकवायचा. जाड तारेकडून मोजलं तर मोकळ्या तारांचे सूर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच असे असतात. जाड तारेच्या चौथ्या पडद्यावर काळी चार मिळते. तो आमचा सा. त्याच्या शेजारच्या तारेवर सहावा पडदा म्हणजे प. तिसऱ्या तारेवरही सहावा, तो वरचा सा. एवढ्या तीन जागांवर कितीतरी भजनांचा ठेका धरता येतो. कुणाला काळी पाच हवी असेल तर सगळंच दोन पडदे पुढे. आम्ही या जागांवर दांडीच्या कडेला नेलपॉलिशचे ठिपके दिलेत. अंधाऱ्या मांडवातही बोट चुकत नाही.

मग हळूहळू गिटार आम्ही आमच्याजोगी करून घेतली. तिचं वजन जवळपास चार किलो. अरुंद पट्टा खांद्यात रुतायचा, म्हणून जुन्या लुगड्याचे काठ आत घालून गोधडीसारखा रुंद पट्टा शिवला. तारा दांडीपासून फार उंच होत्या, बोटं दुखायची. घोडीवरचे स्क्रू थोडे थोडे फिरवून त्या खाली आणल्या. जास्त खाली आणल्या तर तार पडद्याला घासून खरखरते, म्हणून अर्धा वेढा फिरवायचा आणि ऐकायचं. खरखरीत तारा काढून सपाट गुंडाळीच्या घातल्या. त्या बोटांना मऊ लागतात. घोडीजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा ठेवला. त्याने सूर लांबत नाही, ढोलकीच्या धुमेसारखा गोल येतो आणि शब्द झाकले जात नाहीत.

काळजीही घ्यावी लागते. पावसाळ्यात तारा गंजतात, म्हणून वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायच्या. गिटार चुलीजवळ किंवा उन्हात ठेवायची नाही, दांडी वाकते. ओल्या हाताने किंवा अर्थिंग नसलेल्या बोर्डावर कधीच वाजवायची नाही. जुनी घेत असाल तर दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघा, प्रत्येक पडदा दाबून ऐका, बटणं फिरवून खरखर येते का तपासा.

लाईट गेली की बेस मुकी होते. तेव्हा आम्ही खंजिरीवर गातो. पण आता खंजिरीवरही काळी चारमध्येच गातो, कारण तो सूर आमच्या गळ्यात बसलाय. काकू परत गायला लागल्यात. मागच्या पौर्णिमेला त्यांनी अख्खा अंतरा एकटीने म्हटला.

तुमच्या गटाने बेसच घ्यावी असं आमचं म्हणणं नाही. एकतारी घ्या, ढोलकी घ्या, पेटी घ्या. पण घेण्याआधी एका बैठकीत एवढं करा. प्रत्येकीने एकच ओळ तीन वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघा. ज्या सुरात सगळ्यात जास्त जणींना मोकळं गाता येईल, तो वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी वाजवणारे कुणीही असोत, त्यांना आधी तो सूर सांगा आणि मगच गायला सुरुवात करा.