मागे इंजिन असलेली गाडी आणि चुकण्याची मुभा



ज्या गावात इंजिनावाचून भिंत चालली असे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो, तेथे आज मला इंजिनाविषयी बोलावयाचे आहे. आणि तेही संगणकाच्या पडद्यावर धावणाऱ्या शर्यतीच्या गाडीच्या इंजिनाविषयी. कामगार चळवळीतल्या माणसाला हे खेळ कशाला हवेत, असे कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर शेवटी देतो.

बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, हे येथील शेतकऱ्याला सांगावयास नको. इंजिन मागे असलेल्या मोटारीचा पिंड तोच. आकुर्डीच्या बजाज कारखान्याने १९७७ साली मागे इंजिन असलेली रिक्षा आणली, तेव्हापासून ही रचना आपल्या ओळखीची आहे. शर्यतीच्या जगात तिचे ठळक उदाहरण म्हणजे १९६३ साली लोकांपुढे आलेली जर्मनीची पोर्श ९११. इंजिन मागच्या आसाच्याही मागे, आणि सुमारे ६० टक्के भार मागच्या चाकांवर.

आमच्या युनियनमधील एका तरुणाने चाकणला आपल्या खोलीत पडदा, स्टिअरिंग आणि पेडल मांडून ठेवले आहेत. त्याने मला बसविले. तिसऱ्या वळणात वेग जास्त वाटला, म्हणून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय झटक्यात उचलला. गाडी भोवऱ्यासारखी फिरली. मी म्हटले, "अरे, मी तर सावधपणा केला!" तो हसून म्हणाला, "काका, तीच चूक झाली."

असे का व्हावे? पाय उचलताच गाडीचा भार पुढे जातो. मागची चाके हलकी होऊन त्यांची पकड सुटते. पण इंजिनाचे ओझे बाहेरच्या बाजूस ओढतच असते. मग शेपूट पुढे येऊ पाहते. उलट, वळणात फार लवकर गती दिली तर पुढची चाके हलकी पडतात आणि नाक वळतच नाही. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावर जोरात दाबावा, वळणात शिरताना हळूहळू सोडीत जावा, म्हणजे नाकावर भार राहतो. नाक वळले की गती हळूच वाढवावी. तेव्हा मागचे वजनच चाकांना जमिनीवर दाबून धरते आणि गाडी बाणासारखी सुटते. खऱ्या गाडीत घसरण बैठकीला आधी कळते. येथे ती स्टिअरिंगच्या हलकेपणावरून तळहातांनी ओळखावी लागते. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

हे ज्ञान मला ऐकून आले नाही. वीसेक वेळा गाडी आपटली, तेव्हा पायाची खोड मोडली. दर वेळी बटण दाबले की गाडी पुन्हा धड!

आता माझे उत्तर. माझ्या पाहण्यातल्या एका कारखान्यात एका नव्या पोराला अर्धा दिवस काम दाखवून पॉवर प्रेसवर उभे केले. जॉब अडकला. माझा पाय उचलला गेला, तसाच त्याचा हात आपोआप आत गेला. दोन बोटे गेली. कागदावर शेरा पडला: 'कामगाराचा निष्काळजीपणा'. त्या प्रेसला पुन्हा सुरुवात करण्याचे बटण नव्हते.

पोर्शच्या कारागिरांनी चालकाला केवळ "सांभाळून हाक" असे सांगितले नाही. १९६९ च्या नमुन्यात दोन आसांमधील अंतर ५७ मिलिमीटरने वाढविले, पुढे मागचे टायर रुंद केले. माणूस घाबरणारच, हे धरून त्यांनी यंत्र सुधारले. प्रेसला जाळी बसविणे, दोन्ही हातांनी दाबावयाची बटणे लावणे, हे त्याच जातीचे शहाणपण आहे. आणि शिकाऊ पोराला, जेथे बोट जाणार नाही अशा जागी, शंभर वेळा चुकू देणे हेही.

खेळात जी मुभा आपण मुलांना देतो, ती कामावर का देऊ नये? एवढा प्रश्न आपणांपुढे ठेवून मी आपली रजा घेतो.